काउंटरमागची बाई

उमेंद्रचं वर्षश्राद्ध होतं. सुशिलाबाई सकाळपासून चुलीपुढून हलल्या नव्हत्या. घरात गॅस असला तरी श्राद्धाचा स्वयंपाक त्या मागच्या अंगणातल्या चुलीवरच करत. वडे तळून होत आले होते, कढी उतू जाऊ पाहत होती आणि पुढे ओसरीवर गुरुजी तांब्याभर पाणी मागत होते. तेवढ्यात हेमेंद्र येऊन त्यांच्याजवळ उकिडवा बसला.

"माय, आज बोलाचं आहे मले. भैय्यालाल मामाजी आले आहेत, बाबूजी आहेत. पुन्हा असे सगळे जमणार नाईत."

"कायचं बोलाचं?"

"दुकानाचं."

सुशिलाबाईंनी झारा कढईच्या काठावर टेकवला. "आज तुझ्या भावाचं सराध आहे, हेमू."

"मी का भांडून राहिलो का? पॉवर प्लांटमधली ठेकेदारी सुटली तवापासून घरी बसून आहो. टीना लेकरं घेऊन मायेरी गेली, ते परत याचं नाव काढत नाई. मोबाईलची कंपनी शोरूम देऊन राहिली, पण म्हणते जागा चौकातलीच पायजे. चौकातली जागा आपल्यापाशी आहे. मग मी कोणाले मागू, लोकाले?"

"आणि अंजू?"

"अंजू वहिनीले मी उपाशी ठेवीन का?"

सुशिलाबाईंनी मुलाकडे पाहिलं. दाढी वाढली होती, डोळ्यांखाली काळं झालं होतं. थोरला गेला तेव्हापासून या धाकट्याला काही म्हणायची त्यांना भीती वाटे. "आज नोको," एवढंच त्या म्हणाल्या. हेमेंद्र हो-नाही न करता उठून गेला.

अंजू पत्रावळी घ्यायला आली तेव्हा त्यांनी तिला हाताने जवळ बोलावलं. "हेमू आज दुकानाचं काढीन असं दिसते. तू भिऊ नोको. मी आहे ना."

अंजूने मान डोलावली. सासूने आपणहून सांगितलं याचाच तिला आधार वाटला.

तिरोड्याच्या चौकातलं 'यादोराव मनिहारी' हे दुकान तिच्या लग्नाच्या कितीतरी आधीचं. यादोराव, म्हणजे तिचे सासरे, तरुणपणी सायकलच्या मागे पेटी बांधून सालेकशाकडच्या बाजारांत सुया, रिबिनी, बांगड्या, लेकरांच्या कमरेचा काळा दोरा विकत फिरत. पुढे चौकात टपरी टाकली, मग पक्कं दुकान बांधलं. त्यांच्यानंतर उमेंद्र बसला. त्याच्या काळात बॉबिनच्या डब्या, चेनी, हुक, ब्लाउजचं अस्तर, साडीचे फॉल, लेसची गुंडाळी असं सगळं छतापर्यंत भरलं. गेल्या साली गोंदियाहून माल आणताना ट्रकने त्याच्या गाडीला उडवलं. लेसची बंडलं रस्त्याभर उलगडली होती, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं होतं. तो तपशील अंजूला कोणी सांगायला नको होता.

तेरवीनंतर ती काउंटरमागे बसली, आणि दुकान बदललं. आधी बाया नवऱ्याच्या किंवा सासूच्या आडून वस्तू मागत, बोटाने दाखवत. आता आतले कपडे घ्यायला त्या मोकळेपणाने येऊ लागल्या, माप विचारू लागल्या. कोणाची पोरगी पहिल्यांदा पाळीत बसली की माय तिला घेऊन थेट अंजूकडे येई. खेड्यांतल्या शिवणाऱ्या बाया एसटीच्या कंडक्टरच्या हातून कापडाचा तुकडा पाठवत, अंजू त्याच्या रंगाचं रीळ आणि बटणं पुडीत बांधून परतीच्या गाडीने देई. कोणाच्या घरी लग्न ठरलं, कोणाचं मोडलं, हे गावाच्या आधी अंजूला कळे, कारण ब्लाउजची लेस आधी तिच्याकडून जाई. नवरा गेल्यावर या बायांमुळेच ती सकाळी उठून केस विंचरत होती.

जेवणं आटोपली. पंगतीला आलेले शेजारी हात धुऊन गेले. ओसरीवर घरचेच उरले. भैय्यालाल मामा म्हणजे सुशिलाबाईंचे थोरले भाऊ. नात्यातल्या वाटण्या आणि तंटे सोडवायला त्यांनाच बोलावत. अडकित्त्याने सुपारी कातरत ते म्हणाले, "हेमेंद्र, बोल बावा काय बोलाचं ते. मनात नोको ठेवू."

हेमेंद्रने सगळं सांगितलं. ठेकेदारी, टीना, शोरूम. अंजू दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. त्याचं झाल्यावर सासूबाई काही बोलतील म्हणून ती थांबली. सुशिलाबाई भावासाठी तस्तात पाणी ओतत होत्या.

"अंजू, तुझं काय म्हणणं?" मामांनी विचारलं.

"मामाजी, दुकान बंद पडलं असतं त गोष्ट येगळी होती. चालू आहे. लगनसराई तोंडावर आली."

"चालू म्हणजे कायचं चालू, वहिनी?" हेमेंद्र म्हणाला. "सगळे रेडिमेड घेऊन राहिले. शाळेचा गणवेश शिवूनच येते. तिरोड्यात टेलर किती उरले, तुम्हीच सांगा."

"टेलर गेले. पण घरी मशीन चालवणाऱ्या बाया वाढल्या. खेड्याखेड्यात आहेत. त्या कोठी जातील?"

"गोंद्याले जातील. सगळं जग गोंद्याले जाते."

"एका रिळासाठी दिवस मोडून?"

मामांनी हात वर केला. "भांडू नका. हेमेंद्र, असं कर. शोरूममंदी एका बाजूले हिले एक शोकेस दे. ती तिचं विकीन, तू तुझं वीक."

अंजूला तेवढंही चाललं असतं. ती काही म्हणणार तोच हेमेंद्र म्हणाला, "मामाजी, कंपनीची काच, कंपनीची लाईट. तठी नाडे टांगता येतात का?"

मामांना हसू आलं. ते हसू दाबत त्यांनी सुपारी तोंडात टाकली. माणसं हसली की गोष्ट संपत येते, हे अंजू काउंटरवर शिकली होती.

"बाबूजींनी मले शब्द देला आहे," ती म्हणाली.

मामा तिच्याकडे वळले.

"तेरवीच्या संध्याकाळी. बाबूजी खाटेवर बसले होते, मी खाली होती. म्हटले, अंजू, दुकान आता तुझं. मी जिता आहो तवरी तुले तठून कोणी उठवणार नाई. बाबूजी, सांगा ना तुम्ही."

सगळ्यांनी यादोरावांकडे पाहिलं.

यादोरावांना ती संध्याकाळ लख्ख आठवत होती. अंजूचं खाली घातलेलं डोकं आठवत होतं. ते शब्द बोलून झाल्यावर छातीवरचा दगड जरा सरकल्यासारखा वाटला होता, तेही आठवत होतं. पण गेल्या आठवड्यात हेमेंद्र याच खाटेवर येऊन बसला होता. "बाबूजी, दुकान नाई देलं त मी रायपूरले चाललो. पुन्हा तिरोड्याचं तोंड पाहणार नाई. तुमच्या मातीलेही येणार नाई," असं तो अगदी हळू, न रागावता म्हणाला होता. रागावून म्हणाला असता तर यादोरावांनी मनावर घेतलं नसतं. एका मुलाला त्यांनी स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता. आता दुसराही जाणार, आणि मग आपल्याला लाकडावर ठेवणारं कोणी नसणार. गेले आठ दिवस त्यांना जेवताना, झोपताना तेवढंच दिसत होतं.

"मी असं कवा म्हटलो?" ते म्हणाले.

"बाबूजी!"

"तू बस म्हटलो होतो. पोरगी घरात रडत बसण्यापेक्षा दुकानात बसन म्हणून. तुझं आहे, असं नाई म्हटलो मी." ते अंजूकडे न पाहता समोरच्या भिंतीकडे बोलत होते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासत होता. आयुष्यभर दोऱ्याचा पीळ असाच चाचपून पाहिलेला हात होता तो.

अंजू सासूकडे वळली. "आई, तुम्ही तठीच होते. दाराशी बसल्या होत्या. तुम्ही आयकलं."

सुशिलाबाईंनी ऐकलं होतं. शब्द न् शब्द ऐकला होता आणि त्या दिवशी नवऱ्याबद्दल त्यांना बरंही वाटलं होतं. आत्ता त्यांना त्याचा तर्जनीवर घासणारा अंगठा दिसत होता. एवढ्या संसारात चारचौघांत त्यांनी त्याला कधी खोटं पाडलं नव्हतं. आणि खोटं पाडलं, तर हेमू जाणार. अंजू कुठे जाणार होती? ती इथेच राहणार होती. हा विचार मनात आला तशी त्यांना स्वतःची किळस आली, तरीही तोंडातून निघायचं ते निघालं.

"मले काई आठवत नाई, बाई. तवा मी शुद्धीवर कोठी होती."

सुशिलाबाईंनी तस्त उचललं आणि विनाकारण आत नेऊन ठेवलं.

भैय्यालाल मामांना आता हा विषय लवकर मिटवायचा होता. ते वाईट माणूस नव्हते. दोन्ही बाजूंना पटेल असं काहीतरी शोधत त्यांनी ओसरीवर नजर फिरवली, आणि त्यांना अंजूची मुलगी प्रेरणा दिसली. ती पाण्याचे पेले गोळा करत होती.

"हे पाहा, अंजू काई जन्मभर बसू शकत नाई. तिच्यामागं कोणी असन त इचार करू. प्रेरणा, तूच सांग. आईच्या मागं तू बसशील का दुकानात?"

प्रेरणा हातात पेले धरून उभी राहिली. आजोबा, काका, आई, सगळे तिच्याकडे बघत होते. बाबा गेल्यापासून कॉलेजवरून आली की ती रोज काउंटरवर असायची. हुकांचे पत्ते लावायचे, चेनी मापाने टांगायच्या, आणि बाबांच्या त्या स्टुलावर बसून कोणाला तरी मोरपंखी आणि रामा या रंगांतला फरक समजावायचा. कधी कधी स्टुलावर बसल्याबसल्या तिला श्वास घेता येत नसे. नागपूरच्या नर्सिंग कॉलेजात तिचा नंबर लागला होता. हे तिने अजून फक्त काकांना सांगितलं होतं, कारण आईला सांगायची हिंमत होत नव्हती. आणि काका म्हणाले होते, "जा बेटा, बिनधास्त जा. मी सोडून देतो तुले."

बघू, असं ती म्हणू शकली असती. किंवा गप्प राहू शकली असती.

"नाही, आबाजी," ती म्हणाली. "मी नाही बसणार."

"मंग झालं त," भैय्यालाल मामा म्हणाले आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले.

"म्हणजे, मी फक्त माझं सांगितलं. आईचं..." पण पुरुष उठले होते. चपला शोधणं सुरू झालं होतं. हेमेंद्र वाकून मामांच्या पाया पडत होता आणि मामा त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. प्रेरणाने आईकडे पाहिलं. अंजू चौकटीपासून बाजूला झाली होती, बाहेर जाणाऱ्यांना वाट द्यायला.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेरणा दुकानात गेली. अंजू गिऱ्हाइकाला फॉलचा रंग लावून दाखवत होती, रोजच्यासारखी. बाई गेल्यावर तिने पसरलेले फॉल परत घडी करायला घेतले.

"आई, मी खोटं बोलायला पाहिजे होतं का?"

"नाई."

"मला माहीत नव्हतं ते असं धरतील."

"कोणालेच मालूम नसते."

"नागपूरला नंबर लागलाय माझा. नर्सिंगला."

अंजूचे हात थांबले. "कवा?"

"झाले पंधरा-वीस दिवस."

"मले काऊन नाई सांगितलं?"

प्रेरणाला रडू आलं. "तू मला हो म्हटली असती म्हणून. हसून हो म्हटली असती, आणि मग एकटी इथे बसली असती, आणि मला तिथे रोज हेच दिसलं असतं. काका दुकान घेतील तर तुझी सुटका होईल, असं वाटलं मला. खरंच वाटलं, आई."

"सुटका," अंजू म्हणाली. तिने फॉलची घडी रकान्यात ठेवली. मग खाली पाहत, आवाज न चढवता बोलत राहिली. "काल त्या घरात तू एकटीच खरं बोलली. आणि मले तुझंच लागलं. बाबूजींचं नाई, आईंचं नाई. तुझं. हे बरोबर नाई, मले समजते. पण लागलं त मी काय करू?"

"मी त्यांना जाऊन सांगते. बसते मी. नाही जात नागपूरला."

"नोको बोलू असं. तू जाजो." आणि थोड्या वेळाने, "आता जाशील तरच या सगळ्याले काई अर्थ. नाई त तोही नाई."

प्रेरणा तिच्या खांद्याला बिलगली. अंजूने तिच्या केसांवर हात ठेवला, पण तो हात नेहमीसारखा फिरला नाही. तेवढ्यात कोणीतरी काळ्या इलास्टिकचं विचारत आलं, आणि ती काउंटरकडे वळली.

आमगावच्या भावाला तिने फोन केला. तो म्हणाला, दुकान सासऱ्याच्या नावावर, त्यांनीच उभं केलेलं, कोर्टात जाऊन काय हाती लागणार, आणि मग तुला राहायचं तिथेच ना ताई. तिला तो टाळतोय असं वाटलं नाही. तो बरोबरच बोलत होता.

दुकान रिकामं व्हायला फार वेळ लागला नाही. गोंदियाच्या एका ठोक व्यापाऱ्याने चेनी, लेस, अस्तर उचललं. सुटी बटणं त्याने घेतली नाहीत. कोटाची, शर्टाची, बाळाच्या झबल्यांची, कुठल्या कुठल्या काळातली बटणं. हेमेंद्रने ती पोत्यांत भरून मागच्या खोलीत टाकली. पोती त्याने स्वतः वाहिली, मजूर लावले नाहीत. अंजूसमोर तो खाली मान घालून वावरत होता. शेवटच्या दिवशी चावी मागायलाही त्याची जीभ रेटेना. रॅक काढलेल्या भिंतींवर जुन्या रंगाचे चौकोन उरले होते. त्यांच्याकडे बघत तो नुसता उभा राहिला.

"घ्या," अंजूने चावी पुढे केली.

"वहिनी, मी तुमचं..."

"घ्या ना. माणसं थांबून राहिले तुमचे." सुतार दाराशी उभा होता.

यादोराव त्या सगळ्या दिवसांत चौकाकडे फिरकले नाहीत. घरासमोरच्या खुर्चीवर बसून असत. येणारा-जाणारा दुकानाचं विचारी, आणि ते सांगत. आधी अडखळत सांगत. मग ते अडखळणं गेलं.

प्रेरणा नागपूरला गेली. हेमेंद्रने तिला खरंच सोडून दिलं, खोली पाहून दिली, पलंग घेऊन दिला. टीना लेकरांना घेऊन परत आली. घर भरल्यासारखं झालं. सुशिलाबाई आता अंजूच्या ताटात टीनाच्या आधी वाढत, दुपारी तिला झोप म्हणून सांगत. अंजू झोपत नसे. अंगणात बसून राही. कधी केस विंचरलेले असत, कधी नसत.

एके दिवशी सकाळी बोदलकशाची देवकाबाई घरी आली. घामाघूम झाली होती, काखेत पिशवी. गावात ब्लाउज शिवून ती तिच्या दोन नातवंडांना पोसत होती. लग्नघरातल्या बायांचे ब्लाउज तिच्याकडे आले होते, आणि चौकात गेली तर तिथे काचेचा दरवाजा आणि आत नुसते फोन. लोकांना विचारत विचारत ती घरापर्यंत आली होती.

"का गा बाबूजी, दुकान काऊन बंद केलं?" तिने खुर्चीवर बसलेल्या यादोरावांना विचारलं.

"आम्ही नाई केलं, बाई," यादोराव म्हणाले. "सुनेनं सोडलं. तिच्यानं होत नव्हतं आता. आम्ही किती म्हटलं, चालव, आम्ही आहो ना तुझ्यामागं. पण तिनंच नेऊन चावी देली."

अंजू बाजूच्या दोरीवर धुणं वाळत घालत होती. देवकाबाईला ती दिसली तशी ती पुढे आली.

"खरं का वो, अंजूबाई? तुम्ही सोडलं?"

सुशिलाबाई काहीतरी घेऊन बाहेर येत होत्या, त्या उंबऱ्यातच थांबल्या. यादोराव खुर्चीत सरळ झाले. वरच्या जिन्यावरून टीना डोकावली.

अंजूने ओला टॉवेल झटकून दोरीवर टाकला, त्याची टोकं सारखी केली.

"हो," ती म्हणाली. "मीच सोडलं."

देवकाबाईला काहीतरी उमगलं असावं, किंवा नसावंही. तिला तिच्या ब्लाउजांची चिंता होती. "मंग आता मी कोठी जाऊ, माय? रीळ नाई, हुक नाई. लगन परवावर आलं."

"गोंद्याले जा. टेशनातून बाहेर पडल्यावर बाजार कोठी ते इचारजा. कापडाचा तुकडा संगं ठेवजा, आणि दुकानातल्या लाईटमंदी रंग नोका पाहू. बाहेर उजेडात येऊन पाहजा."

"मले कोण रीळ आणू देईन तठी बाहेर?"

अंजूने रिकामी बादली उचलली.

"अंजू, चहा ठेव," यादोराव म्हणाले. देवकाबाईला त्यांनी समोरचा पाट दाखवला. "बस, बाई. उन्हातून आली. चहा घेऊन जा."

अंजू आत गेली. गॅस पेटवताना तिला बाहेरून सासऱ्यांचा आवाज ऐकू येत होता. पूर्वी दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत तसाच, मोकळा आणि गोड.

"सून चांगली आहे आमची. कायची कमी नाई तिले अठी."